लेथवर उभट लाकडी भांडे आतून कोरताना हत्यार थरथरते, मार्गदर्शन हवे आहे

शिवणकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहतो आणि गेली दोन वर्षे घराच्या मागच्या पडवीत बसवलेल्या लहान लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातण्याच्या यंत्रावर, लाकूडकाम करतो. लाटणी, रव्या, स्टुलाचे पाय आणि उथळ वाडगे आता मनासारखे होतात. मात्र गेल्या तीन महिन्यांपासून उभट, तोंडाशी निमुळते होत गेलेले भांडे आतून कोरण्याचा प्रयत्न करतो आहे आणि त्यात सारखे अपयश येते आहे. दोन प्रसंग सविस्तर लिहितो, म्हणजे चूक नेमकी कोठे होते ते जाणकारांच्या लक्षात येईल.

पहिले भांडे आंब्याच्या लाकडाचे होते. उंची १८ सेंमी, व्यास १३ सेंमी, रेषे उभे, म्हणजे लेथच्या आसाला समांतर, आणि चकात, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत, धरण्यासाठी बुडाशी ५० मिमी व्यासाची कूस, म्हणजे गोल खुंटी, ठेवली होती. बाहेरचा आकार छान निघाला. आतून कोरण्यासाठी ओळखीच्या वर्कशॉपमधून १२ मिमी जाडीच्या सळईला पुढे गोल कार्बाइडचे पाते बसवून घेतले होते. पहिले सात-आठ सेंमी काम व्यवस्थित चालले. त्यानंतर सुतारपक्षी खोडावर चोच मारतो तसा टकटक आवाज सुरू झाला, आतल्या भिंतीवर लाटा उमटल्या, आणि दहा सेंमीच्या आसपास हत्यार असे रुतले की भांडे चकातून निसटून भिंतीवर आदळले. कूस अर्धी चिरडली गेली होती.

दुसऱ्या भांड्यात थरथर सोसत कसाबसा तळाशी पोहोचलो. पूर्ण झाल्यावर कूस कापून काढली, तर तळाला रुपयाएवढे भोक. एकूण लांबी मोजताना चकात असलेला भागही मी उंचीत धरला होता, हे नंतर लक्षात आले.

माझे प्रश्न असे आहेत. थरथर कशामुळे होते आणि ती हत्याराची समजावी की हाताची? कोरताना हत्यार मधून बाहेर न्यावे की काठाकडून मध्याकडे? ओल्या लाकडावर काम करावे की वाळलेल्या? आणि परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी, हत्याराला पकडून ठेवणारी लेझर बसवलेली चौकट घेतल्याखेरीज हे काम होतच नाही का?

---

भिंगरी

शिवणकाठ, तुम्ही मापे दिलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मी चिंचवडला टूलरूममध्ये तीस वर्षे काढली आहेत. लाकडाकडे निवृत्तीनंतर वळलो. माझ्या मते तुमची अडचण हाताची नाही, सळईची आहे, आणि ती गणिताने दाखवता येते.

टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवण्याच्या आडव्या पट्टीच्या, पुढे हत्याराचा जेवढा भाग अधांतरी असतो, तेवढी एका टोकाला धरलेली तुळई तयार होते. अशा तुळईचे टोक तेवढ्याच जोराखाली किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे ६ सेंमी बाहेर असताना तुमची सळई जेवढी वाकत होती, त्याच्या आठपट ती १२ सेंमीवर वाकते आणि १८ सेंमीवर सत्तावीसपट. सात-आठ सेंमीपर्यंत सगळे ठीक होते आणि दहाच्या पुढे एकदम बिघडले, असे जे तुम्हाला वाटले, ते या घनाचेच दर्शन आहे. उलट, ताठपणा वाढतो जाडीच्या चौथ्या घाताने. १२ मिमीऐवजी २० मिमीची सळई घेतलीत तर ती साडेसातपटीहून अधिक ताठ असेल. आमच्या धातुकामात पोलादी बोअरिंग बार व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर काढू नये, असा दंडकच होता. लाकूड मऊ आणि काप हलका असल्यामुळे येथे त्याहून बरीच सवलत मिळते, परंतु १२ मिमीच्या सळईकडून १६ सेंमी खोलीची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण दुकानदार हमखास या वाटेने नेतात. ईएन-८ ऐवजी महागडी ईएन-२४ची सळई घेतली म्हणून थरथर कमी होत नाही. ते पोलाद अधिक मजबूत असते, म्हणजे कायमचे वाकण्यापूर्वी जास्त भार सोसते. पण लवचीकपणा सर्व पोलादांचा जवळपास सारखाच असतो. पैसे जाडीवर खर्च करा, प्रतीवर नव्हे.

दुसरी गोष्ट पात्याची. मोठे गोल कार्बाइडचे पाते एकाच वेळी लाकडाच्या रुंद पट्ट्याला भिडते आणि त्यामुळे जोर वाढतो. मुंबईला नागदेवीत किंवा पुण्याला बोहरी आळीत ६ मिमीची चौकोनी एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट, म्हणजे कापणारी लहान कांडी, सहज मिळते. तिचे टोक ग्राइंडरवर गोलसर करून सळईच्या तोंडाला आडव्या स्क्रूने आवळून बसवा. टोक जेवढे लहान, तेवढा काप अरुंद आणि हत्यार शांत. मूठ मात्र लांब हवी. मी ६० सेंमीची ठेवतो आणि तिचा शेवट कंबरेशी टेकवतो, म्हणजे वाकवणारा जोर मनगटावर न येता अंगावर येतो.

तिसरी गोष्ट उंचीची. आतून कोरताना पात्याचे टोक आसाच्या उंचीवर किंवा केसभर वर असावे आणि मूठ किंचित उचललेली असावी. अशा वेळी हत्यार रुतून टोक खाली दबले, तर ते भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेत जाते. टोक आसाच्या खाली असेल तर दबताना ते लाकडात आणखी शिरते, आणि तुमचे पहिले भांडे भिंतीवर गेले ते बहुधा असेच गेले असावे. बाहेरून स्क्रॅपर, म्हणजे खरवडून कापणारे हत्यार, चालवताना हाच नियम उलटा होतो, म्हणून वाडग्यांची सवय असलेल्या माणसाची येथे गफलत होते.

चकाबद्दल थोडेसे. ५० मिमीची कूस एवढ्या भांड्याला चालते, पण लाकूड आंब्यासारखे मऊ असेल तर मी ६५ मिमी ठेवली असती. कुशीचा तळ चकाच्या बुडाला टेकता कामा नये. तिचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे. सुरुवातीची दहा मिनिटे काम झाल्यावर लेथ थांबवून चक पुन्हा आवळा, कारण मऊ लाकूड तेवढ्या वेळात दबलेले असते.

लेझरची चौकट आत्ता घेऊ नका. ती हत्याराला फिरू देत नाही हे खरे, पण अधांतरी लांबी किती असावी हे ती शिकवत नाही.

---

कोलगाव

भिंगरी काकांनी हत्याराचे सांगितले, मी हाताचे सांगतो.

माझे शिक्षण सावंतवाडीला एका वयस्कर कातारी काकांच्या हाताखाली झाले. त्यांनी मला पहिले सहा महिने फुलदाणीला हात लावू दिला नाही. रोज कुंकवाचे करंडे करायचे, इतकेच काम. करंडा म्हणजे हातात मावेल एवढे लहान भांडे, चार-पाच सेंमी खोल, तोंड बुडाएवढेच रुंद. आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते, आणि झाकण घट्ट बसायला हवे असल्यामुळे भिंत सरळ आणि मापात यावी लागते. शिवणकाठ, तुम्ही एकदम १८ सेंमी खोल आणि निमुळत्या तोंडाच्या भांड्याला हात घातलात, म्हणजे न दिसणारी जागा आणि लांब हत्यार अशा दोन अडचणी एकाच दिवशी अंगावर घेतल्या. आधी वीस करंडे करा. त्यानंतर १० सेंमी खोल, उघड्या तोंडाचे पेले. तोंड निमुळते करण्याचे सर्वांत शेवटी.

आता दिशेचा प्रश्न. खराट्याची जुडी उभी धरून तिच्या वरच्या तोंडाला वाटीसारखा खळगा केला आहे असे समजा. मधल्या काड्या आखूड, कडेच्या लांब. मधून बाहेरच्या बाजूला बोट नेलेत तर प्रत्येक काडीच्या पाठीशी तिच्याहून लांब काडी उभी असते, त्यामुळे ती वाकत नाही आणि स्वच्छ कापली जाते. कडेकडून मध्याकडे बोट आणलेत तर प्रत्येक काडीच्या पुढे आखूड काडी असते. आधार नसल्यामुळे ती वाकते, फाटते. तुमच्या भांड्याचे रेषे उभे आहेत, म्हणून आतून कोरताना नेहमी लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे जायचे. तोंडाजवळच्या खांद्याखालच्या पोकळीतसुद्धा हाच नियम लागतो: तोंडापासून पोटाच्या सर्वांत रुंद जागेकडे. तुमच्या उथळ वाडग्यांत रेषे आडवे असतात, तेथे काठाकडून तळाकडे येतो तेच बरोबर. दोन्ही कामांसाठी एकच सवय वापरली की आतली भिंत ओरबाडल्यासारखी होते.

सुरुवात नेहमी भोकाने करावी. टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागात, ड्रिल चक लावून २५ मिमीच्या फॉर्स्टनर बिटने (सपाट तळाचे भोक पाडणारे, मध्यभागी लहान टोक असलेले बिट), लेथ मिनिटाला तीनशे-चारशे फेऱ्यांवर ठेवून, मध्यभागी सरळ खाली जावे आणि दर दोन सेंमीला बिट बाहेर काढून भुसा झाडावा. या भोकाचे दोन उपयोग आहेत. मध्यभागी लाकूड जवळजवळ फिरतच नाही, तेथे हत्यार कापत नाही, नुसते दाबले जाते. ती जागा भोकामुळे आपोआप निघून जाते. आणि खोली कायमची ठरते. माप काठापासून कुशीच्या खांद्यापर्यंत घ्यायचे, चकात असलेला भाग मोजायचाच नाही, आणि त्या मापातून तळासाठी १५ मिमी वजा करून बिटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावायची. १८ सेंमीच्या भांड्याला १६.५ सेंमी. पट्टी काठाला टेकली की थांबायचे.

पुढचे काम दोन-तीन सेंमीच्या टप्प्यांनी करा. वरचा टप्पा हव्या त्या जाडीला पूर्ण करा, मगच खाली उतरा. वरून खालपर्यंत पोकळ करून मग परत काठ पातळ करायला आलात, तर तोवर भिंत बारीक झालेली असते आणि ती स्वतःच थरथरते. मग हत्यार कितीही जाड असले तरी उपयोग होत नाही.

काकांकडून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र लिहून नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. ते कोरताना आत पाहतच नसत. डावा हात रेस्टवर, अंगठा हत्याराच्या वर, चार बोटे खाली, आणि नजर समोरच्या कौलांवर. भिंत जाड असताना आवाज घुमट, खालच्या पट्टीतला असतो. ती बारीक होत जाते तसा तो चढत जातो, आणि फार बारीक झाली की रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा येतो. एकदा मी करंड्यावर काम करत असताना ते मागून जाता जाता नुसते “पुरे” म्हणाले. लेथ थांबवून मोजले तर भिंत तीन मिमी होती. त्यांनी करंड्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

---

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो. येथे गावोगावी लेथकाम करणाऱ्यांचे क्लब आहेत आणि त्यांतले पुष्कळसे १९८६ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ या संघटनेशी जोडलेले आहेत. तिचे पहिले अध्यक्ष डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७०च्या दशकापासून अरुंद तोंडाची, अतिशय पातळ भिंतीची भांडी करून या प्रकाराला नाव मिळवून दिले. न दिसणाऱ्या पोकळीत वाकड्या हत्याराने, केवळ स्पर्शाने आणि आवाजाने काम करण्याची त्यांची रीत वाचताना कोलगाव यांचे काका आठवावेत, इतके दोघांत साम्य आहे.

वाकड्या हत्याराचा उल्लेख वर आला नाही, म्हणून सांगतो. खांद्याखालची पोकळी काढण्यासाठी पुढे बाक असलेले हत्यार लागते, पण त्याचा बाकदार भाग रेस्टवर टेकवून काम कधीही करू नये. टोक सळईच्या आसापासून बाजूला असल्यामुळे ते भिडताच सळईला पीळ बसतो आणि हत्यार हातात फिरते. बाक पूर्णपणे भांड्याच्या आत जाऊन सळईचा सरळ भाग रेस्टवर आला, की मगच टोक लाकडाला लावावे.

लाकूड ओले की वाळलेले, याचे माझे उत्तर ‘दोन्ही, पण दोन वेळा’ असे आहे. ओले लाकूड लोण्यासारखे कापले जाते, धूळ उडत नाही, हत्यार तापत नाही. ओले असताना भिंत व्यासाच्या साधारण एक दशांश जाड ठेवावी. तुमच्या १३ सेंमीच्या भांड्याला १३ मिमी. मग ते कागदी पिशवीत, त्याच्याच किसात पुरून, वारा लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ते पिशवीवरच लिहावे. लागोपाठ तीन आठवडे वजन हलले नाही की लाकूड वाळले. तोवर भांडे थोडे लंबगोल झालेले असते, आणि जाडीत तेवढी उसंत असल्यामुळे ते पुन्हा लेथवर लावून गोल करता येते. नाशिकच्या उन्हाळ्यात आच लागून चिरा पडण्याची भीती अधिक आणि पावसाळ्यात बुरशीची, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पिशवी एकाऐवजी दोन घ्याव्यात.

खोडाचा अगदी मधला गाभा भांड्यात येऊ देऊ नये. लाकूड वाळताना गाभ्याभोवती जेवढे आकसते तेवढे गाभ्याच्या दिशेने आकसत नाही, म्हणून गाभा ठोकळ्यात असला की तेथून बाहेरच्या बाजूला चीर हमखास जाते. खोड मधोमध उभे फाडून एका फाळीतून भांडे काढावे.

भिंतीची जाडी मोजायला महाग साधन लागत नाही. ४ मिमीची तार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकवून तिच्या दोन टोकांत बरोबर २० मिमी अंतर ठेवा. लेथ थांबवून एक टोक आतल्या भिंतीला टेकवा. दुसरे टोक आणि बाहेरची भिंत यांत जेवढी फट दिसेल ती विसातून वजा केली की जाडी मिळाली.

---

बाभूळवन

चर्चा उत्तम चालली आहे, पण सुरक्षेचा विषय निघाला नाही, म्हणून लिहितो. अरुंद तोंडाच्या भांड्यात भुसा बाहेर पडायला जागा नसते. तो आत साचून हत्याराभोवती घट्ट बसतो आणि भांडे हत्यारासकट ओढले जाते. दर मिनिटा-दीड मिनिटाला लेथ पूर्ण थांबवून, भांडे हाताने वळवून किंवा हवेच्या झोताने भुसा काढावा. फिरत्या भांड्यात बोट घालून आतला गुळगुळीतपणा पाहण्याचा मोह कोणालाही होतो. तो कटाक्षाने टाळावा, आणि आतून पॉलिशपेपर मारतानाही तो लांब काठीला गुंडाळून मारावा. हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, पूर्ण चेहरा झाकणारी काच हवी. तेरा सेंमीच्या भांड्याला कोरताना मिनिटाला सहाशे ते नऊशे फेऱ्या पुरतात. शिसवाच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते आणि सागाच्या धुळीने नाक-डोळे चुरचुरतात, म्हणून एन-९५ मास्क न विसरता लावावा.

---

शिवणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लावले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

करंडे वीस नाही, चौदा झाले. पहिल्या पाचांची झाकणे ढिली होती. सहाव्याचे झाकण पहिल्यांदा हलकी हवा दाबून बसले, आणि तो करंडा आईने देवघरात ठेवून घेतला. नंतर २० मिमीची सळई आणून तिला एचएसएसची टूल बिट बसवली. मूठ बाभळीची केली आहे. १० सेंमीचे तीन पेले झाल्यावर मागच्या रविवारी पुन्हा १८ सेंमीचे भांडे लावले, भोक १६.५ सेंमीवर थांबवले आणि टप्प्याटप्प्याने उतरलो. दहा सेंमीच्या पुढे गेल्यावर मी टकटक ऐकण्यासाठी श्वास रोखून होतो, पण आवाज आलाच नाही. चौदा सेंमीनंतर थोडी कुरकुर झाली, तेव्हा काप निम्मा केला आणि ती थांबली. भिंत सगळीकडे ७ ते ८ मिमी आहे आणि तळ शाबूत आहे.

एकच दोष राहिला आहे. भिंत संपून तळ सुरू होतो तेथे आत बोटाला जाणवेल अशी कड आहे, आणि तळाच्या मध्यभागी फॉर्स्टनरच्या टोकाचा खड्डा दिसतो. सरळ हत्यार त्या कोपऱ्यात पोहोचतच नाही.

---

कोलगाव

कड राहणारच, कारण सरळ सळई काठाला अडते आणि टोक कोपऱ्यात वळत नाही. सातासमुद्रापार यांनी सांगितलेले थोडासा बाक असलेले हत्यार येथेच कामी येते. तळाच्या मध्यापासून सुरुवात करून एकाच ओढीत कोपऱ्यातून वर भिंतीवर दोन सेंमीपर्यंत न थांबता आणा. थांबलात की तेथे नवी कड तयार होते. खड्ड्यासाठी पुढच्या वेळी बिट ठरलेल्या खोलीच्या तीन मिमी आधीच थांबवा आणि तेवढे लाकूड हत्याराने काढा, म्हणजे टोकाची खूण त्यातच निघून जाईल. आणि या भांड्याचा फोटो टाका, आतलासुद्धा.